देशाचा जमाखर्च : मराठी वृत्तपत्रांच्या संपादकांस खुले पत्र

सावनेर, जिल्हा नागपूर



मी आपला जुना वाचक आहे. माझी हयात रुई आणि सरकी यांच्या हिशेबात गेली. सावनेरच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कीर्द-खतावणी लिहिण्याचे काम मी चौतीस वर्षे केले, आणि तो कारखाना बंद पडला तेव्हा शेवटचा ताळेबंदही माझ्याच हाताने लिहून दप्तर बांधले. बाहेरच्या मुलखातील सुशिक्षितांना आमचे गाव ठाऊक असते ते राम गणेश गडकरी यांनी 23 जानेवारी 1919 रोजी येथे देह ठेवला म्हणून. आम्हा रहिवाशांना ते कोलार नदीकाठचा कापसाचा बाजार म्हणून ठाऊक आहे. हिशेबनिसाचा धर्म साधा असतो : नफा असो वा नुकसान, आकडा जसा असेल तसा वहीत चढवावा आणि मालकासमोर वही उघडी धरावी. या देशाची मालकी ज्या सामान्य माणसाकडे आहे त्याच्यासमोर ती वही धरण्याचे काम वृत्तपत्रांचे, असे मी विद्यार्थिदशेपासून समजत आलो. ते काम आपण टाकून दिले आहे, ही माझी तक्रार. आणि ते आपण पुन्हा हाती घ्यावे, हा माझा अर्ज.

या अर्जास निमित्त झाले ते असे. 2025 साली भारताची अर्थव्यवस्था जगात चौथी झाल्याची वार्ता मी घेतो त्या पत्राने पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापली. त्याच साली मार्चअखेर संपलेल्या वर्षात आपण चीनकडून सुमारे 113 अब्ज डॉलरचा माल घेतला व त्यास सुमारे 14 अब्ज डॉलरचा माल विकला, म्हणजे एका शेजाऱ्याबरोबरच्या व्यवहारात 99 अब्ज डॉलरची तूट सोसली, ही गोष्ट मात्र मला आतल्या पानावरील एका आखूड मजकुरात सापडली, आणि घेतले काय व विकले काय याचा तपशील तर तेथेही नव्हता. एखाद्या देशाशी व्यापारात तूट असणे हे स्वतःच काही पाप नव्हे, हे मी जाणतो. दुकानदार घाऊक व्यापाऱ्याचे देणे लागतो म्हणून तो बुडाला असे कोणी म्हणत नाही. परंतु आपण घेतो ती यंत्रे, विजेच्या उपकरणांचे सुटे भाग, सौरऊर्जेची तावदाने आणि आपल्याच औषध कारखान्यांना लागणारी मूळ औषधद्रव्ये, आणि देतो ते लोहखनिज, सूत, एरंडेल व कोळंबी, हे ज्याने पाहिले त्याला हा जमाखर्च पूर्वी कोठेतरी वाचल्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

तो आपल्याच पूर्वसूरींनी लिहिला होता. 1841 साली भास्कर पांडुरंग तर्खडकर या मुंबईच्या तरुणाने इंग्रजी पत्रातून लागोपाठ आठ पत्रे लिहून, इंग्रजी व्यापाराने या देशाचे कारागीर कसे देशोधडीला लागले आणि द्रव्याचा ओघ कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे राज्यकर्त्यांच्या तोंडावर मांडले. त्याच वर्षी भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ निघाला, आणि 1848 पासून त्याच पत्रात लोकहितवादींनी आपल्या शतपत्रांतून आपल्या लोकांच्या आळसावर, अज्ञानावर आणि व्यापाराविषयीच्या अनास्थेवर असे कोरडे ओढले की ते वळ आजही दिसतात. या दोघांच्या लेखनातला भेद मला फार मोलाचा वाटतो. तर्खडकरांनी दोष परक्याच्या पदरी घातला, लोकहितवादींनी स्वकीयांच्या. आणि देशाचा ताळेबंद पुरा होण्यास ही दोन्ही अंगे लागतात. परकी सत्ता डोक्यावर असताना ज्या धंद्याने हे धाडस केले, त्या धंद्याचे आपण वारस आहात.

आजच्या या जमाखर्चाला मी विचारपूर्वक ‘ऱ्हास’ म्हणतो, आणि त्यावर आपण आक्षेप घ्याल हेही जाणतो. देशाचे उत्पन्न वाढते आहे, रस्ते झाले आहेत, आमच्या गावावरून भोपाळकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर रात्रंदिवस मालमोटारींची रीघ असते. मग ऱ्हास कसला? परंतु दोन भावांपैकी एकाचे शेत दोन एकरांचे चार एकर झाले आणि दुसऱ्याचे दोनाचे वीस झाले, तर पहिला भाऊ गावच्या पंक्तीत मागे सरकतोच. 1990 साली दरमाणशी उत्पन्नात भारत आणि चीन जवळजवळ बरोबर होते, किंबहुना आपण रतीभर पुढेच होतो. आज चिनी माणसाचे उत्पन्न भारतीय माणसाच्या सुमारे पाचपट आहे. हे अंतर एका पिढीत पडले, म्हणजे मी नोकरीस लागलो तेव्हा ते नव्हते आणि मी निवृत्त झालो तेव्हा होते. ते कसे पडले हे समजून घेण्यासाठी मी रोज सकाळी आपले पत्र उघडीत आलो आहे.

आता मी माझ्या मुलखाकडे वळतो, कारण मला जे कळते ते एवढ्याच मातीचे कळते.

रघूजी भोसले (तिसरे) 1853 च्या डिसेंबरात वारले आणि पुढल्या वर्षी नागपूरचे राज्य दत्तक नामंजूर करून खालसा झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाने 1861 पासून लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला तेव्हा नागपूर-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला, हिंगणघाटच्या कापसाचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात गेले, आणि 1867 साली रेल्वे नागपुरास येऊन पोचली. गाडीतून रुई गेली आणि गाडीतूनच कापड आले. आमच्या तालुक्यातील खाप्याच्या कोष्ट्यांचे माग त्या कापडाशी झुंजत राहिले. 1 जानेवारी 1877 रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यासाठी दिल्लीत दरबार भरला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका तेथे हातच्या सुताची जाडीभरडी वस्त्रे अंगावर घालून गेले, त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली.

या गिरणीच्या कथेत एक धडा आहे आणि तो मी कोणत्याही वृत्तपत्रात विस्ताराने वाचलेला नाही. सूत कातण्याची ‘रिंग’ पद्धतीची चाती तेव्हा नवी होती. लँकेशायर तिच्याकडे संशयाने पाहत असता एम्प्रेस गिरणीने 1883 च्या सुमारास तिचा प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांचे सुताचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन होते. मुंबईच्या पुष्कळ मालकांनी मात्र जुन्याच यंत्रांवर निर्वाह केला, आणि जपानने आपले कारखाने सरसकट रिंग-चातीवर उभारले, आमचा आखूड धाग्याचा कापूस विकत घेऊन त्यात अमेरिकी लांब धागा मिसळण्याची कला साधली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी चीनची सुताची बाजारपेठ आपल्या हातून अलगद काढून घेतली. जमशेटजींना हे दिसत होते. 1893 साली ते स्वतः जपानला गेले आणि इंग्रजी जहाज कंपनीच्या भाड्याची मक्तेदारी मोडण्यासाठी त्यांनी जपानी आगबोट कंपनीशी करार केला. पुढे 1933 साली हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरील जकात शेकडा 75 पर्यंत चढविली तेव्हा जपानने आमच्या कापसावर बहिष्कार घातला आणि 1934 चा करार होईपर्यंत वऱ्हाड-नागपूरचा कास्तकार भावासाठी टोकियोकडे डोळे लावून बसला. म्हणजे आशियातील एक राष्ट्र डोळ्यांदेखत पुढे निघून जाण्याचा अनुभव आम्हाला नवा नाही. अवजार आधी आमच्या घरी होते आणि लक्ष्मी दुसऱ्याच्या घरी गेली. ती एम्प्रेस गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली, बंद पडली, आणि तिच्या जागेवर आज खरेदीचा मॉल उभा आहे.

चीनची कथा याच कथेचा पुढचा अध्याय आहे. 2011 पासून तीन वर्षे चिनी सरकारने आपल्या राखीव साठ्यासाठी प्रचंड कापूस खरेदी केला. आमच्या गाठी तिकडे जाऊ लागल्या, आणि 5 मार्च 2012 रोजी आपल्या सरकारने कापसाची निर्यात एका हुकमाने बंद केली व गलका झाल्यावर ती पुन्हा उघडली. 2014 साली चीनने ते धोरण बदलले, खरेदी थांबविली, आणि आमच्या बाजारात भाव कोसळला. त्या हंगामात मी काट्याजवळ बसून होतो. गाडीवर बसलेला शेतकरी मला विचारीत होता, ‘‘भाऊ, औंदा असं काय झालं?’’ त्याला उत्तर देण्यापुरते ज्ञान मला नंतर, आणि तेही इंग्रजी पत्रांतून, मिळाले. ज्याच्या संसाराचा भाव बीजिंगमध्ये ठरतो त्याला त्याच्या मातृभाषेत बीजिंगचा निर्णय कळू नये, ही गोष्ट मला फार लागली, आणि आजही लागते.

आपण कापसाच्या लागवडीच्या क्षेत्रात जगात पहिले आहोत. तथापि हेक्टरी रुई निघते ती सुमारे साडेचारशे किलो, आणि महाराष्ट्राची सरासरी त्याहूनही खाली. चीनमध्ये ती दोन हजार किलोंच्या घरात आहे. याची कारणे दैवी नाहीत. तिकडचा बहुतेक कापूस आता शिनच्यांग प्रांतात ठिबकाच्या पाण्यावर, प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली, दाट ओळींत पेरला जातो आणि यंत्राने वेचला जातो. आमची पऱ्हाटी कोरडवाहू, अंतरावर लावलेली, संकरित बियाण्याची, पावसाच्या भरवशावर चार-चार वेच्यांपर्यंत उभी, आणि तोवर गुलाबी बोंडअळी तिच्यात घर करून बसलेली. बीटी बियाणे चीनने 1997 साली घेतले तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी घडविलेले जनुकही त्याच सुमारास शेतात आणले. आपल्याकडे ते 2002 साली परक्या कंपनीच्या परवान्याने आले, आणि सरकारी संस्थांनी तयार केलेले वाण 2009 साली बाजारात येऊन लगोलग मागे घ्यावे लागले. केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून नागपुरात आहे, सावनेरहून तासाभराच्या वाटेवर. दाट लागवडीचे प्रयोग तिने केले आहेत, आणि ते आमच्या बांधापर्यंत का पोचत नाहीत हा प्रश्न आपल्या बातमीदाराने तिला आणि आम्हालाही विचारण्याजोगा आहे.

कापसापलीकडचेही थोडे सांगतो. खाप्याजवळच्या गुमगाव खाणीत मँगनीज निघते. विसाव्या शतकाच्या आरंभी मँगनीजच्या खनिजात हिंदुस्थान आणि रशिया हे दोनच देश अग्रभागी होते. आज विद्युत्-प्रक्रियेने शुद्ध केलेले मँगनीज जगाला जवळजवळ सगळे चीन पुरवितो, आणि आपण खनिजदेखील बाहेरून आणतो. तिकडे बांगलादेश, जेथे कापूस नावापुरता पिकतो, तो आपले सूत नेऊन कपडे शिवतो आणि तयार कपड्यांच्या निर्यातीत आपल्या कितीतरी पुढे आहे. अमेरिकेने जून 2022 पासून शिनच्यांगचा माल, तेथील उईघुर मजुरांवरील सक्तीच्या कारणाने, अडविला तेव्हा एक दार उघडले होते. त्या दारातून विदर्भाची एक तरी गाठ शिवलेल्या कपड्याच्या रूपाने गेली काय, हे आपण शोधले असते तर बरे झाले असते.

माझी विशेष व्यथा आपल्या लेखणीच्या सवयींविषयी आहे. दिवाळी आली की चिनी दिव्यांच्या माळांवर बहिष्काराचे आवाहन आपल्या पानांवर येते, आणि तुळशीचे लग्न लागते तोवर ते मावळते. सार्वजनिक काकांनी खादी अंगावर घातली तेव्हा त्यांनी देशी मालाची दुकाने आणि कारखाने काढण्याचीही खटपट केली होती, हे त्या आवाहनात कोठे नसते. पायाभरणीच्या समारंभाचे छायाचित्र आपण छापता. अमरावतीच्या वस्त्रोद्यानाची पायाभरणी सप्टेंबर 2024 मध्ये झाली, ती मी आपल्याच पत्रात वाचली. तेथे किती चात्या फिरू लागल्या, किती मुलींना शिलाईचे काम मिळाले, हे मी दर सहा महिन्यांनी वाचू इच्छितो. कारखानदारीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत 2022 साली नेण्याचा संकल्प केंद्र सरकारने 2011 साली जाहीर केला होता. 2022 साल आले आणि गेले, वाटा चौथ्या हिश्श्याच्या जवळपासही फिरकला नाही, आणि तेव्हा कोणत्या संपादकाने वही उघडून सरकारला जाब विचारला? शेतकऱ्याने प्राण दिला की त्याचा आकडा आपण छापता. त्या घरातला कापूस कोणत्या भावाने गेला, 2025-26 साठी लांब धाग्याचा जाहीर केलेला 8110 रुपयांचा हमीभाव त्याला मिळाला की नाही, ऑगस्ट 2025 मध्ये परदेशी कापसावरची जकात उठल्याने बाजारात काय झाले, हे त्या आकड्याशेजारी लिहिले असते तर वाचणाऱ्याला मृत्यूचे कारणही कळले असते.

एकदा मी स्वतः धाडस करून जपानच्या आणि चीनच्या या हकिकतीवर एक लेख लिहून एका दैनिकाकडे पाठविला होता. विषय वाचकांना रुक्ष वाटेल, असे उत्तर आले. उत्तर आले हीच सभ्यता, म्हणून मी राग धरला नाही. परंतु ज्यांची मुले आज पुण्या-हैदराबादला चाकरीच्या शोधात वणवण करतात त्यांना स्वतःच्या पोटाचा विषय रुक्ष वाटेल, हे अनुमान मला तेव्हाही पटले नाही.

यावर आपण म्हणाल की चीनची स्तुती करणाऱ्याने तेथे वृत्तपत्रांची काय अवस्था आहे हेही पाहावे. मी ते पाहिले आहे, आणि स्तुती करण्याचा माझा हेतू नाही. 1959 ते 1961 या काळात चीनमध्ये कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली आणि एकाही पत्राला ते छापता आले नाही. जेथे वृत्तपत्रे मोकळी असतात तेथे मोठा दुष्काळ पडू दिला जात नाही, हा अमर्त्य सेन यांचा प्रसिद्ध सिद्धांत आपल्या व्यवसायाला मिळालेले केवढे मोठे मानपत्र आहे! परंतु त्याच विद्वानाने हेही दाखविले आहे की जी उपासमार, जे अज्ञान एकदम न येता रोज थोडे थोडे खाते, त्याच्याविषयी ही मोकळी पत्रे मौन बाळगतात. 1991 च्या जनगणनेत भारतातील साक्षरता शेकडा 52 होती. त्याच सुमारास चीनची शेकडा 78 च्या आसपास होती. तेथे कारखाने नंतर आले, शाळा आधी झाल्या. जुलूमजबरदस्ती न करता, मोकळ्या लेखणीच्या बळावर हे काम आपल्याला करता आले असते, ही माझी श्रद्धा आहे, आणि म्हणूनच मी सरकारकडे न जाता आपल्याकडे दाद मागतो आहे.

माझे मागणे फार नाही. देशाचा क्रमांक छापाल तेथे शेजारी दरमाणशी उत्पन्नाचा आकडाही त्याच आकाराच्या टाइपात छापावा. प्रत्येक जिल्ह्यात कोणता कारखाना उघडला व कोणता बंद पडला याची नोंद महिन्यातून एकदा, बाजारभावाच्या शिस्तीने द्यावी. चाळीस वर्षांपूर्वी कापसाचे भाव आपण रोज छापीत होता, तेव्हा ही शिस्त आपल्याला परकी नाही. आणि तिसरे मागणे मला सर्वांत जवळचे आहे. 2023 साली भारत आणि चीन या दोन्ही देशांनी एकमेकांच्या बातमीदारांना दारे लावून घेतली, यात आपला दोष नाही. परंतु दारे उघडी होती तेव्हाही चीनमध्ये राहून मराठीत लिहिणाऱ्या बातमीदाराचे पत्र मी वाचल्याचे मला स्मरत नाही. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले, तेथील सैनिकांची सेवा करता करता त्यांची भाषा शिकले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तेथेच निवर्तले. जखमा बांधण्यासाठी एका मराठी माणसाला ती भाषा चार वर्षांत शिकता आली, तर बाजार समजून घेण्यासाठी एखाद्या हुशार मुलीला किंवा मुलाला ती शिकविण्याचा खर्च आपल्यापैकी चार पत्रांनी मिळून उचलावा, तिला चिनी सरकारचे ठराव मुळातून वाचता यावेत, आणि तिने ते वऱ्हाडच्या कास्तकाराला कळतील अशा मराठीत सांगावेत.

कारखाना बंद झाला तेव्हा मालकांच्या परवानगीने कापसाच्या भावाची माझी टाचणे मी घरी आणली. कोणत्या दिवशी कोणता भाव फुटला, गाडी किती वेळ काट्यावर उभी राहिली, परत किती गेल्या, हे सारे त्यांत आहे. कागद पिवळे पडले आहेत, पण अक्षर शाबूत आहे. आपल्यापैकी कोणाचाही बातमीदार हंगामात सावनेरच्या बसस्थानकावर उतरून चार दिवसांच्या सवडीने आला, तर ती टाचणे मी त्याच्यासमोर ठेवीन आणि त्याला बाजारात घेऊन जाईन.

आपला नम्र,
सावनेर येथील एक निवृत्त हिशेबनीस